मदत हवी आहे: फिल्मवरचा आवाज येत नाही, नुसतं घुंऽऽ (तातडीचं)

गडबड्या (गुरुवार, रात्री ११.१२)

मंडळी, वेळ कमी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीतून येणारा उजेड पकडून प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा सेल गेला होता. नवा बसवला. चित्र झकास दिसतंय, पण आवाजाच्या जागी नुसतं घुंऽऽ. मधूनमधून त्या घुंच्या मागे कोणीतरी तोंडावर उशी दाबून बोलतंय असं वाटतं. सेल तीनदा बदलला, वायरी दोनदा. रविवारी संध्याकाळी आमच्या सरांचे वीस-पंचवीस विद्यार्थी जमणार आहेत आणि 'सरांचा आवाज ऐकवतो' असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलोय. काय चुकतंय? 'गूगल करा' असं कृपया सांगू नये. केलंय.

नुसती_चौकशी (गुरुवार, रात्री ११.२५)

फिल्म किती मिलिमीटरची? सेल नेमका कुठला बसवलात? दिवा मूळचाच आहे का? आवाज कशातून ऐकताय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच म्हणायचं आणि औषध मागायचं, तसं झालं हे.

गडबड्या (गुरुवार, रात्री ११.३१)

फिल्म नेहमीचीच, १६ ची. सेल म्हणजे उजेड पडला की चालतो तो. दिवा उत्तम आहे, भरपूर उजेड पडतो. आवाज लॅपटॉपवर ऐकतोय.

सावधान (गुरुवार, रात्री ११.४०)

भाऊ, आधी ते रीळ घराबाहेर काढा! जुनी फिल्म नायट्रेटची असते. दिव्याच्या उष्णतेने पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्याखालीसुद्धा जळत राहते. आवाज राहू दे, जीव सांभाळा.

सोल्डरसम्राट (गुरुवार, रात्री ११.५८)

सावधान, तुमची माहिती ३५ मिमीसाठी बरोबर आहे. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी फिल्म असेल तर जपायलाच हवं. पण कोडॅकने १६ मिमी १९२३ साली आणली तीच मुळी घरात, शाळेत वापरायला, म्हणून सेफ्टी बेसवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या पट्टीवर. रीळ बाहेर काढू नका. फार तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म आकसत चाललीय असं समजा. लवकर कॉपी करून घ्यायला हवी, पण आग लागणार नाही.

गडबड्या, सेल दिसतो कसा ते सांगा. नाव माहीत नसेल तर नुसतं वर्णन करा.

गडबड्या (शुक्रवार, सकाळी ७.०५)

छोटी गोल चकती, हरभऱ्याएवढी. वर नागमोडी रेघ आहे, सापासारखी. दोन पाय. भाच्याच्या किटमध्ये पाच-सहा होते.

सोल्डरसम्राट (शुक्रवार, सकाळी ७.२०)

सापडलं! तो एलडीआर आहे, म्हणजे उजेडाने रोध बदलणारा, कॅडमियम सल्फाइडचा. अंधार पडला की दिवा लावायचा, एवढ्या कामासाठी तो ठीक. उजेड बदलल्यावर त्याला स्वतःला बदलायला मिलिसेकंदांमागून मिलिसेकंद लागतात, अंधाराकडे जाताना तर पन्नास-पन्नाससुद्धा. १००० हर्ट्झच्या आवाजात उजेड-अंधाराचं एक अख्खं आवर्तन एका मिलिसेकंदात संपतं. हा गडी पापणी उघडेपर्यंत पन्नास आवर्तनं निघून गेलेली असतात. तुमची उशी ती हीच. त्या किटमध्ये फोटोडायोड, म्हणजे उजेडाला झटपट दाद देणारा सेल, आहे का बघा. त्यातही बीपीडब्ल्यू ३४ हा प्रकार असेल तर सोन्याहून पिवळं.

काचनळी (शुक्रवार, सकाळी ९.१०)

इथे कोणी मूळ सेलबद्दल विचारलंच नाही. या प्रोजेक्टरांत सिझियमचा लेप असलेला काचेचा फोटोसेल असायचा. तो तांबूस-अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या) उजेडाला सर्वांत तीव्र दाद देतो आणि एक्सायटर दिव्याचा, म्हणजे ध्वनिपट्टीवर उजेड टाकणाऱ्या दिव्याचा, बहुतांश उजेड तिथेच असतो. जोडी जमलेली असते! तसाच सेल शोधून बसवा. सिलिकॉनच्या ठिकऱ्या लावून मूळचा आवाज मिळत नाही. त्यातही मोठा सोलर सेल लावला तर त्याची धारिता (वीज साठवून धरण्याचा गुण) वरचे स्वर गिळून टाकते.

सोल्डरसम्राट (शुक्रवार, सकाळी ९.२८)

काका, धारितेचं म्हणणं मान्य, पण ते तळहाताएवढ्या सोलर पॅनेलला लागू. बीपीडब्ल्यू ३४ चं क्षेत्रफळ जेमतेम ७.५ चौरस मिमी. सिलिकॉनही अवरक्तातच तरबेज, त्यामुळे जोडी इथेही जमते. आणि तसल्या काचेच्या वायुभरित सेलची ती सस्स्स् खरखर तुम्हाला प्रेमाने आठवत असेल, रविवारच्या पाहुण्यांना नाही.

काचनळी (शुक्रवार, सकाळी ९.४०)

ती खरखर बहुतेक वेळा सेलची नसते, फिल्मवरच्या ओरखड्यांची आणि धुळीची असते. फरक कानाला कळायला कान लागतात.

असो. धागालेखकाने एक लक्षात ठेवावं. काचेचा सेल ज्या पिनांवर बसतो तिथे ९० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. फोटोडायोड थेट तिथे खोचू नका, आणि बोटही नको.

बिटवाला (शुक्रवार, सकाळी १०.१५)

मी म्हणतो सेल हवाच कशाला? फिल्म स्कॅन करा, कडेच्या ध्वनिपट्टीसकट. एईओ-लाइट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, साउथ कॅरोलायना विद्यापीठाचं. ते चित्रातून आवाज काढतं. हिशेब सोपा: दर चौकटीला उभ्या १०८० ओळी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सेकंदाला २५,९२० नमुने. १६ मिमीच्या आवाजाला पुरून उरतात. दिवा नाही, घुं नाही, सोल्डर नाही.

नुसती_चौकशी (शुक्रवार, सकाळी १०.२२)

आणि स्कॅनर?

बिटवाला (शुक्रवार, सकाळी १०.३०)

तो लागेलच. पण तत्त्व बघा ना.

सहज_डोकावले (शुक्रवार, सकाळी ११.०५)

अवांतर: उजेडावरून आवाज ही कल्पना बोलपटांच्या किती आधीची आहे! सेलेनियमचा विद्युतरोध उजेडाने बदलतो हे १८७३ मध्ये विलोबी स्मिथच्या लक्षात आलं. १८८० मध्ये ग्रॅहॅम बेल आणि टेंटर यांनी उन्हाच्या झोतावरून बोलणं पाठवलं, त्याला फोटोफोन म्हणत. एर्न्स्ट रूमर या जर्मन माणसाने १९०१ च्या सुमारास आवाज चक्क फिल्मवर टिपला आणि सेलेनियम सेलने परत ऐकला. बेल तर फोटोफोनला टेलिफोनपेक्षा मोठा शोध मानायचा. मग बोलपट यायला इतकी वर्षं का लागली?

काचनळी (शुक्रवार, सकाळी ११.३०)

कारण सेलेनियमही आळशी. शिवाय सेलमधून निघणारा प्रवाह इतका क्षीण की कानाला नळी लावून एकट्याने ऐकायचं. सभागृहभर आवाज न्यायला व्हॉल्व्हचे अँप्लिफायर यावे लागले. त्यानंतर मात्र पटापट झालं: १९२२ मध्ये बर्लिनला ट्राय-एर्गॉन या बोलपट-पद्धतीच्या तिघा संशोधकांचा खेळ, १९२३ मध्ये न्यूयॉर्कला ली द फॉरेस्टचा फोनोफिल्म, तोही फिल्मवरच्या आवाजाचाच. द फॉरेस्टचा सेल खरं तर थिओडोर केसचा, थॅलियमवाला. त्यावरून दोघांचं पुढे फाटलं ती वेगळीच कथा...

गडबड्या (शुक्रवार, दुपारी १.१५)

मंडळी, रविवार!!

किटमध्ये तीन पायांचा काळा ठोकळा आहे, टीव्हीच्या रिमोटचा उजेड पकडतो तो. चालेल का?

सोल्डरसम्राट (शुक्रवार, दुपारी १.२०)

अजिबात नाही. त्याच्या पोटात सर्किट असतं, ३८ किलोहर्ट्झला लुकलुकणाराच उजेड त्याला कळतो. बाकी सगळं तो मुद्दाम दुर्लक्षित करतो. दोन पायांचं, चौकोनी, वर पारदर्शक आणि आत काळी चौकट दिसणारं काही आहे का?

गडबड्या (शुक्रवार, दुपारी १.४५)

आहे. एकच आहे. लावला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट. उशी थोडी हलली, पण घुं दुप्पट झालं! आधीच बरं होतं म्हणायचं.

सोल्डरसम्राट (शुक्रवार, दुपारी २.०२)

घुं वाढलं हे चांगलं लक्षण, सेल जागा झाला. आता एक करा. मोटर बंद, फिल्म काढलेली, दिवा चालू. घुं ऐकू येतंय? मग दिवा आणि सेलच्या मधे पुठ्ठा धरा. पुठ्ठा धरल्यावर घुं थांबलं तर ते उजेडातून येतंय. नाही थांबलं तर वायरीतून.

आणि डायोड उलटाही लावून पहा. माइकच्या भोकात थोडा दाब असतो, तो डायोडला उलट्या दिशेने मिळायला हवा.

गडबड्या (शुक्रवार, रात्री ९.३०)

उलटा लावला, आवाज मोठा झाला. पुठ्ठा धरला की घुं एकदम गप्प. काढला की परत. म्हणजे उजेडातून. पण उजेड गुणगुणतो कसा?

नुसती_चौकशी (शुक्रवार, रात्री ९.३६)

मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. दिवा मूळचा आहे का?

गडबड्या (शुक्रवार, रात्री ९.४१)

नाही, मूळचा उडालेला होता. १२ व्होल्टचा हॅलोजन लावलाय ट्रान्सफॉर्मरवर. चित्राचा दिवाही एसीवरच चालतो, तिथे तर काही गुणगुणत नाही.

सोल्डरसम्राट (शुक्रवार, रात्री ९.५५)

डोळ्याला कळत नाही, सेलला कळतं. ५० हर्ट्झच्या एसीवर तार प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला थोडी तापते, थोडी निवते. उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि सेलच्या लेखी तोच आवाज. म्हणून कारखान्यातून येतानाच एक्सायटर दिव्याला डीसी देत, नाहीतर कानाला न ऐकू येणाऱ्या उंच वारंवारतेचा एसी. स्कूटरची बॅटरी जोडा त्या हॅलोजनला.

गडबड्या (शुक्रवार, रात्री ११.५०)

स्कूटर आता अंगणात उघडी पडलीय, पण घुं गेलं! पार गेलं!! दंडवत.

आता नुसती उशी उरली. शब्द कळत नाहीत, 'स' आणि 'श' तर मुळीच नाहीत. सर हळू आणि जाड आवाजात बोलल्यासारखे वाटतात. सरांचा आवाज असा नव्हता.

चुंबक (शनिवार, सकाळी ६.५०)

ध्वनिपट्टी तपकिरी आहे का? असेल तर ती मॅग्नेटिक आहे, उजेडाने कधीच वाचता येणार नाही. टेपरेकॉर्डरसारखं हेड लागेल. इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, एवढं साधं कोणी विचारलं नाही.

गडबड्या (शनिवार, सकाळी ७.१५)

तपकिरी नाही. खिडकीशी धरून बघितली. एका कडेला भोकं, दुसऱ्या कडेला पांढरी पट्टी, आणि तिच्यात काळ्या डोंगररांगा, दोन्ही बाजूंनी, पाण्यात प्रतिबिंब पडावं तशा. सर बोलायचे थांबतात तिथे बहुतेक डोंगर सपाट होतात.

नुसती_चौकशी (शनिवार, सकाळी ७.३०)

छान वर्णन. म्हणजे पट्टीवरच्या काळ्याची रुंदी बदलते तो प्रकार. उजेडाचीच फिल्म आहे, चुंबकराव निश्चिंत असा.

आता सांगा, उजेड त्या पट्टीवर कसा पडतो? दिव्याच्या पुढे, फिल्मच्या अलीकडे एक बोटभर नळी असते. ती आहे ना जागेवर?

गडबड्या (शनिवार, सकाळी ७.४८)

ती काढली. तिच्यातून उजेडच येत नव्हता, हॅलोजन तिच्यात बसतही नव्हता नीट. तिच्याऐवजी काळी चिकटपट्टी लावून ब्लेडने बारीक चीर दिलीय. अगदी बारीक, अर्धा मिलिमीटर असेल.

सोल्डरसम्राट (शनिवार, सकाळी ७.५५)

अहो!!!

नुसती_चौकशी (शनिवार, सकाळी ८.१०)

रागावू नका त्यांच्यावर, मी समजावते.

१६ मिमी फिल्म २४ चौकटींच्या वेगाने सेकंदाला १८३ मिमी सरकते. तुमची चीर अर्ध्या मिलिमीटरची. ज्या स्वराची एक लहर, म्हणजे एक डोंगर आणि एक दरी मिळून, बरोबर अर्ध्या मिलिमीटरात बसते, तो स्वर अख्खा चिरेत मावतो. डोंगर पुढे सरकला तरी चिरेतून जाणारा एकूण उजेड तेवढाच राहतो. बदल नाही तर आवाज नाही. १८३ भागिले ०.५, म्हणजे ३६६ हर्ट्झ. त्याच्या वर फक्त चुरा उरतो. 'स' आणि 'श' राहतात कित्येक हजार हर्ट्झवर, ते कुठून येणार? चीर पाचपट बारीक केलीत, ०.१ मिमी, तरी १८३० लाच भिंत. ती नळी काढलीत तिच्यात फट आणि भिंगं आहेत. ती फिल्मवर जी रेघ पाडते ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून बारीक असते. ब्लेडने ते होणे नाही.

गडबड्या (शनिवार, सकाळी ८.२२)

नळी डब्यात आहे. बसवतो. पण अंधार होईल ना?

सोल्डरसम्राट (शनिवार, सकाळी ८.३०)

आधी दिव्याकडच्या बाजूची काच पुसा, सुती कापडाने. दिव्याची तार नळीच्या बरोबर समोर आणा, हॅलोजनला एखादा टेकू देऊन. आवाज बारीकच येईल, तो विजेने मोठा करू. सवड असेल तर टीएल०७२ ही अँप्लिफायरची चिप लावा, फीडबॅकला १ मेगाओहम आणि त्याला समांतर १० पिकोफॅरड, म्हणजे साधारण १६ किलोहर्ट्झपर्यंत मोकळं रान. सवड नसेल तर माइकचं भोक चालू द्या.

नळी घट्ट करण्याआधी दोन गोष्टी. फिल्म चालू ठेवून ती किंचित आत-बाहेर सरकवा, 'स' सर्वांत धारदार येईल तिथे थांबा. मग ती अगदी केसभर फिरवा. रेघ फिल्मच्या चालीला काटकोनात हवी, तिरकी झाली की परत उशी. कान लावून करायचं काम आहे, डोळ्यांनी होत नाही.

काचनळी (शनिवार, सकाळी ९.००)

हे मात्र सम्राटांनी बरोबर सांगितलं. नळीजवळ एखादी बारकी दांडी असेल तर तीही दोन्हीकडे करून पहा. काही रिळांत इमल्शन, म्हणजे चित्र आणि आवाज उमटलेला थर, भिंगाकडे असतं, काहींत पाठीमागे, आणि फिल्मच्या जाडीएवढा फोकस सरकवायला ती दिलेली असते.

तंबोरा (शनिवार, सकाळी १०.४०)

मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, पण धागालेखक म्हणाले सर 'हळू आणि जाड' बोलतात. उशीने आवाज बोथट होतो, हळू कसा होईल? प्रोजेक्टर मूकपटाच्या वेगावर तर नाही ना? २४ ऐवजी १८ वर चालला तर सगळं पाऊणपट होतं, म्हणजे षड्जाचा थेट मंद्र पंचम. १६ वर चालला तर मंद्र मध्यम. सरांचा सा कुठला होता?

गडबड्या (शनिवार, दुपारी १२.१०)

तंबोराताई, खटका १८ वर होता. चौदा दिवस. आता काय बोलू?

तंबोरा (शनिवार, दुपारी १२.१४)

दादा आहे. चालायचंच.

बिटवाला (शनिवार, दुपारी १२.३०)

स्कॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही, वेग नंतर कितीही बदलता येतो.

संपादक (शनिवार, दुपारी १.०५)

'खरे कान' आणि 'व्हॉल्व्हचा आवाज' या विषयावरचे सहा प्रतिसाद काढून टाकले आहेत. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

गडबड्या (शनिवार, सायंकाळी ६.२०)

नळी बसली. फिल्म जिच्यावरून जाते त्या ड्रमवर पांढरा कागद धरला तर त्यावर उजेडाची रेघ दिसते, केसाएवढी. ही रेघ मी आठ दिवस डब्यात टाकून ठेवली होती! केसभर फिरवल्यावर 'स' असा टोचून आला की दचकलो. दांडीचं काकांनी सांगितलं तेही खरं, ती मला तुटका भाग वाटली होती.

काळी-पांढरी दोन्ही रिळं स्पष्ट. तिसरं रंगीत आहे, त्याचा आवाज मात्र कुजबुजल्यासारखा, आणि मुख्य भाषण त्यातच आहे.

नुसती_चौकशी (शनिवार, सायंकाळी ६.३५)

रंगीत रिळाची पट्टी काळी आहे की निळसर?

गडबड्या (शनिवार, सायंकाळी ६.४०)

निळसर हिरवी. तुम्हाला न बघता कसं कळलं?

नुसती_चौकशी (शनिवार, सायंकाळी ६.५८)

काळ्या-पांढऱ्या फिल्मची पट्टी चांदीची असते, चांदी अवरक्तालाही अडवते. रंगीत प्रिंटवरही पट्टीपुरती चांदी मुद्दाम राखत असत. तुमच्या रिळात ती राखलेली दिसत नाही, नुसता रंग आहे. आणि रंग अवरक्ताला जवळजवळ काचेसारखे पारदर्शक. हॅलोजन देतो मुख्यतः अवरक्त, डायोड बघतो मुख्यतः अवरक्त, दोघांनाही डोंगर दिसतच नाहीत. निळसर रंग लाल उजेड अडवतो, म्हणून दिवा लाल एलईडीचा लावा. पुढे ३५ मिमीच्या सिनेमांतही नुसत्या निळसर रंगाच्या पट्ट्या आल्या, तेव्हा थिएटरांनी लाल एलईडीच बसवले. तुमची काळी-पांढरी रिळंही त्याच उजेडात चालतील.

काचनळी (शनिवार, सायंकाळी ७.१०)

तांबूस-अवरक्त जोडीबद्दल मी काल जे लिहिलं ते चांदीच्या पट्टीपुरतं समजावं.

गडबड्या (शनिवार, रात्री ८.०५)

सायकलच्या मागचा लाल दिवा फोडला. त्यातला एलईडी लावला तर सर अर्धा सेकंद बोलतात, अर्धा सेकंद गप्प.

सोल्डरसम्राट (शनिवार, रात्री ८.०९)

लुकलुकायचं सर्किट काढा आधी! नुसता एलईडी घ्या, रोध लावून बॅटरीवर.

गडबड्या (रविवार, रात्री ११.४०)

झालं. लॅपटॉपवर आवाज शंभरावर न्यावा लागला, स्पीकर शेजाऱ्यांचा आणला. रिळात सर बोलायला उभे राहतात, माइकवर टिचकी मारतात आणि विचारतात, "मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का?" आमच्या खोलीत मागे बसलेले तिघे एकदम "हो सर" म्हणाले.

सगळ्यांचे आभार. बिटवाला, तुम्हीही बरोबर आहात, रिळांना आंबूस वास येतोय, स्कॅन करून घ्यायचं ठरलंय.

एकच राहिलं. भाषणाच्या मागे बारीक फटफट ऐकू येत होती, लांबून बोट जावी तशी. डायोड गेला का?

नुसती_चौकशी (रविवार, रात्री ११.५२)

नाही. सेकंदाला २४ फटफटी असतील. उजेडाची रेघ किंचित चित्राच्या बाजूला सरकलीय आणि चौकटींच्या मधल्या रेघा वाचतेय. नळी कडेच्या बाजूला केसभर सरकवा, जाईल.

गडबड्या (रविवार, रात्री ११.५५)

स्कॅन होऊन येईपर्यंत त्या नळीला मी हात लावत नाही.